इंटर्नशिपचा पहिला आठवडा झेरॉक्समध्ये गेला, उरलेल्या पाचांचं काय करू?

जुळेसोलापूरकर · २६ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मेकॅनिकलचं तिसरं वर्ष संपलं. कॉलेजने ६ आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची केली आहे. क्रेडिट आहेत, रोजची डायरी आहे, शेवटी अहवाल आणि तोंडी परीक्षा. बाबांच्या ओळखीने अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात जागा मिळाली.

पहिला आठवडा असा गेला: चलनं फायलीला लावली, झेरॉक्स काढल्या, दिवाणजींच्या मोबाईलमधले फोटो त्यांच्या नव्या मोबाईलमध्ये टाकून दिले. मागाच्या शेडमध्ये दोनदा डोकावलो. आवाजाने डोकं उठलं. कामगार आपसात तेलुगूत बोलतात, मला त्यातलं काही कळत नाही. वर्गातली तिघं पुण्याला गेलीत, गळ्यात पट्टा अडकवून फोटो टाकतायत. मी मेकॅनिकलचा, टॉवेलमध्ये काय शिकू?

एक मित्र म्हणतो, दोन हजार भर, ऑनलाइन इंटर्नशिपचं सर्टिफिकेट घरबसल्या येतं, कॉलेजला चालतं. काय करावं? सोडू का?

---

कडक भाकरी · २६ मे, रात्री १०.५२

सोलापुरात राहून टॉवेलवर धागा काढलास, इथंच निम्मी इंटर्नशिप पास झालास बे.

---

हिंजवडीग्रस्त · २६ मे, रात्री ११.१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. सोड. मीही सोलापूरचाच, अशोक चौकात लहानाचा मोठा झालो. आमच्या वेळी डिप्लोमाला ६ आठवडे होते, तेही असेच बाबांच्या ओळखीने एका वर्कशॉपमध्ये काढले. शेवटच्या दिवशी पेढे देऊन सही घेतली. पुढे मुलाखतीत त्याबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही. ते ६ आठवडे घरी बसून कॅड नीट शिकलो असतो तर पहिली नोकरी वर्षभर आधी लागली असती. बायोडेटावर टॉवेलचा कारखाना लिहून काय मिळणार?

---

ताळेबंद · २७ मे, सकाळी ७.३०

झेरॉक्स काढायला लागल्या म्हणून रडणाऱ्यांनी सीएच्या आर्टिकलशिपला येऊन बघावं. आमची ३ वर्षांची होती, जुलै २०२३ पासून २ वर्षांची झाली. पहिले चार महिने मी व्हाउचरवर टिका मारल्या आणि सरांच्या मुलीचं शाळेचं प्रोजेक्ट केलं. पण व्हाउचर वाचता वाचता एक दिवस कळलं, की एकाच तारखेचं एकच बिल दोन वेगळ्या खात्यांत बसलंय. सरांना दाखवलं. त्यानंतर प्रोजेक्ट सरांनी स्वतः केलं.

तू जी चलनं फायलीला लावतोयस ती वाचलीस का? सूत कुठून येतं, कुठल्या काउंटचं, म्हणजे जाडीचं येतं, माल कुठं जातो, पैसे किती दिवसांनी सुटतात, सगळं त्यात असतं. मालक हे कुणाला तोंडाने सांगत नाही. तुझ्या हातात आयतं दिलंय.

---

जीआरप्रेमी · २७ मे, सकाळी ९.०५

शासनाच्या योजना बघा. २०२४ ला पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली तेव्हा महिना ५००० होते, वर सुरुवातीला एकदा ६०००. १२ महिने मोठ्या कंपनीत. शिवाय २०२४ लाच राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तीत पदवीधराला १०,००० होते.

---

कोर्टातली · २७ मे, सकाळी ९.४०

@जीआरप्रेमी, जीआर शेवटपर्यंत वाचत जा. २०२४ ची ती केंद्राची योजना २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षणात वा नोकरीत नसलेल्यांसाठी जाहीर झाली. राज्याच्या योजनेतही शिक्षण चालू असलेल्याला जागा नाही. हा पोरगा अजून शिकतोय. त्याला दोन्ही लागू नाहीत.

आणि इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप एक समजू नका. अप्रेंटिसला १९६१ चा कायदा आहे. करार होतो, तो नोंदवला जातो, विद्यावेतनाची किमान रक्कम ठरलेली असते. आयटीआयच्या मुलांना हे माहीत असतं, इंजिनिअरिंगच्या मुलांना नसतं याची गंमत वाटते. कॉलेजच्या इंटर्नला असा कायद्याने ठरलेला पैसा नाही, मागून बघावा लागतो.

अवांतर: आम्हा वकिलांना तीन वर्षांच्या कोर्सला १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप. पहिले दोन आठवडे मी नुसत्या तारखा लिहून घेतल्या. आजही माझं निम्मं काम तेच आहे.

---

जीआरप्रेमी · २७ मे, सकाळी ९.५८

मान्य. चूक झाली. पण पदवी झाल्यावर कामाला येईल म्हणून राहू दे.

---

नाव सांगणार नाही · २७ मे, दुपारी १.२०

दोन हजारांच्या सर्टिफिकेटबद्दल. मी भरले होते, पंधराशे. एका दिवसात ऑफर लेटर, व्हॉट्सॲपवर पीडीएफ, महिन्याने सर्टिफिकेट. काम काहीच नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं, "कंपनीत तुमचा गाईड कोण?" मी ऑफर लेटरवरचं नाव सांगितलं. सर म्हणाले, "मघाशी दुसऱ्या एका मुलाने हेच नाव सांगितलं, तो तर म्हणाला की त्या बाई आहेत." पुढचं सांगत नाही.

काम तू करणार आणि पैसे पण तूच भरणार, हा कुठला बाजार?

---

कडक भाकरी · २७ मे, दुपारी १.३१

मग बाई होत्या की बुवा?

---

नाव सांगणार नाही · २७ मे, दुपारी १.४०

अजून कळलेलं नाही.

---

निवृत्त जॉबर · २७ मे, रात्री ८.१०

मी ३४ वर्षं मागावर काढली, त्यातली २१ जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून लावून देणारा. नातीकडून टाईप करून घेतोय, चुका तिच्या.

पोरा, तू मेकॅनिकलचा म्हणून टॉवेलमध्ये काय शिकणार विचारतोस. उद्या शेडमध्ये जा. एक माग बंद असेल तिथं उभा राहा. जॉबरला म्हण, हाताने फिरवून दाखवा. वरचा क्रँकशाफ्ट दोन फेरे फिरला की खालचा शाफ्ट एकच फिरतो. का? धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन पळतो तो, एकदा डावीकडून मारायचा, एकदा उजवीकडून. दोन मारांना मिळून खालच्याचा एक फेरा. आता तुझ्या मोटरसायकलचं इंजिन आठव. तिथं कॅमशाफ्ट क्रँकच्या किती वेगाने फिरतो? अर्ध्या. आपल्या चिंचोळी एमआयडीसीत कॅमशाफ्ट बनतात, ते जगभरच्या गाड्यांत जातात. तिकडं गेला असतास तर पुस्तकातलंच शिकलो म्हणून खूष झाला असतास. इथं तेच उघड्यावर, तेलात माखून, तुझ्या डोळ्यांसमोर चाललंय आणि तुला टॉवेल दिसायलाय.

दुसरं. टॉवेलच्या मागाला बिम, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, दोन असतात. एक जमिनीचा, म्हणजे खालच्या सपाट कापडाचा, एक रुंगाचा, म्हणजे वर जे गोल फासे येतात त्यांचा. दोन आडवे धागे फणी पुढं न नेता सैल सोडते, तिसऱ्याला पुरी ठोकते. त्या ठोक्यात तिघं एकदम पुढं सरकतात आणि रुंगाचा सैल धागा वर उभा राहतो. रुंगाच्या बिमाचा ताण थोडा बिघडला की टॉवेल टकला होतो. हा ताण कशाने धरतात ते बघ आणि चित्र काढ. मोबाईलने फोटो काढू नको, हाताने चित्र काढ.

सैल बाह्यांचा शर्ट घालू नको. चप्पल चालणार नाही. कानात कापूस घाल.

---

हिंजवडीग्रस्त · २७ मे, रात्री ८.५५

काका, हे कॅमचं मला चार वर्षांत कुणी असं सांगितलं नाही. माझं मत तेच आहे, पण थोडं हललं.

---

चष्मेवाले मास्तर · २७ मे, रात्री ९.३०

मी दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणजे हे अहवाल तपासतो. थोडं लांबेल.

चाळीस पानांचा अहवाल येतो. पहिली दहा पानं कंपनीचा इतिहास, तिच्या वेबसाईटवरून. पुढची दहा सुरक्षिततेचे नियम, दुसऱ्या कुठल्या तरी वेबसाईटवरून. मग फोटो. एका मुलाने सोलापूरच्या कारखान्यात काम केल्याचा फोटो लावला होता, खिडकीतून मागे समुद्र दिसत होता. मी विचारलं, "हा कुठला तलाव?" तो म्हणाला, "संभाजी तलाव, सर." मी म्हटलं, "आणि जहाज?"

मला कुणी तीनच पानं दिली आणि त्यात स्वतः मोजलेली एक गोष्ट असली, तर मी त्याला जास्त गुण देतो. मोजलेली म्हणजे पाहिलेली नव्हे, हं. "मशीन वारंवार बंद पडतं" हे पाहणं झालं. किती वेळा, कुठल्या वेळी, कुठल्या कारणाने, हे मोजणं. पेन आणि शंभर पानी वही एवढ्यावर होतं.

क्रेडिटचं गणित सांगतो, मुलांना माहीत नसतं. सध्या एका क्रेडिटला इंटर्नशिपचे ३० तास धरतात. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. तू आठवड्याला ४८ तास बसलास तर तीन आठवडे संपायच्या आत ते होतात. उरलेले तुझे स्वतःचे.

डायरीवर दर शनिवारी सही घे. शेवटी एकदम सहा आठवड्यांच्या सह्या घेतल्या की एकाच शाईच्या येतात, आम्हाला दिसतं.

---

अवनी_७ · २७ मे, रात्री १०.१५

सगळे मोजा आणि शिका म्हणतायत. बरोबर आहे. पण एक बाजू कुणी मांडली नाही. फुकट. हा रोज जुळे सोलापूरहून अक्कलकोट रोडला जातो, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. येऊनजाऊन ६० रुपये धरा. आठवड्याचे सहा दिवस, सहा आठवडे, म्हणजे २१६० रुपये. ऑनलाइन सर्टिफिकेट त्याहून स्वस्त पडतं! मग पोरं तिकडं वळतात याचं नवल काय?

मीही एका कारखान्यात होते, नाव-गाव सांगत नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह ऑफिसच्या मागे होतं आणि त्याची किल्ली सुपरवायझरकडे. दर वेळी मागायची. तिसऱ्या दिवसापासून पाणी प्यायचंच सोडलं. शिकायचं काय घेऊन बसलात? पाचव्या दिवशी कॉलेजच्या मॅडमना फोन केला. त्यांनी स्वतः येऊन किल्ली दारावरच्या खिळ्याला अडकवून घेतली. मुलींनो, कॉलेजचा जो मार्गदर्शक कागदावर असतो त्याला आधीच भेटून ठेवा. सही करणं एवढंच त्याचं काम नाही.

---

टॉवेलवाला · २८ मे, सकाळी ६.५०

माझाही छोटा कारखाना आहे (तुझा नव्हे, काळजी नको). मालकाच्या बाजूने चार ओळी.

पोरगं येतं. पहिला प्रश्न, "सर, सर्टिफिकेट कधी मिळेल?" दुसरा, "शनिवारी सुट्टी असते का?" अशाला मी शेडमध्ये पाठवत नाही. भीती वाटते. चालत्या मागाचा धोटा कधी कधी उडतो, जवळ उभ्या असलेल्याला लागतो. पट्ट्यात कापड अडकलं तर काय होतं ते काकांना विचारा. उद्या काही झालं तर जबाबदारी माझी, तुमचं कॉलेज एक पत्र देऊन मोकळं. म्हणून ऑफिसात बसवतो. झेरॉक्स काढायला लावण्यामागे अपमान नसतो, मनात भीती असते.

पण गेल्या वर्षी एक डिप्लोमाचा पोरगा आला. दोन दिवस गप्प बसला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मालक, मला शेडमध्ये जायचं, पण कुठं उभं राहायचं आणि कुठं नाही ते आधी कुणी तरी दाखवा." त्या एका वाक्यावर मी त्याला जॉबरच्या हाताखाली दिला. जाताना तीन हजार दिले, ठरलं काहीच नव्हतं.

@अवनी_७ ताई, भाड्याचं तुमचं बरोबर आहे. मागितलं तर बहुतेक मालक भाडं देतील. कुणी मागतच नाही.

---

कडक भाकरी · २८ मे, सकाळी ७.०४

मालक, सोलापुरी म्हणून पानिपतची चादर विकणाऱ्यांवर पण एक धागा होऊन जाऊ दे. जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा शिक्का आपल्या चादरीला, धंदा त्यांचा.

---

टॉवेलवाला · २८ मे, सकाळी ७.२०

तो धागा काढला तर मी आठवडाभर कारखान्यात जाणार नाही. राहू द्या.

---

कृषीकन्या_माजी · २८ मे, सकाळी ११.००

अवांतर वाटेल, पण आमची रावे आठवली. बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला गावात जाऊन राहायचं. पेपरात बातमी येते ना, "कृषीकन्यांनी शेतकऱ्यांना बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवले", फोटोत आम्ही पाच जणी आणि मधे एक अवघडलेले आजोबा. त्या आजोबांना बीजप्रक्रिया आमच्या जन्माआधीपासून येत होती. फोटोसाठी उभे राहिले बिचारे.

आमचं गाव सांगोल्याच्या बाजूला, डाळिंबाचं. पहिले पंधरा दिवस आम्ही शिकवायला गेलो आणि काहीच झालं नाही. मग एक काकू म्हणाल्या, "पोरींनो, छाटणीला माणसं कमी आहेत, येता का?" गेलो. तेल्या रोग पसरू नये म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्री औषधाच्या पाण्यात बुडवायची, हे आम्ही परीक्षेत लिहून आलो होतो. दुपारी दोन वाजता, उन्हात, चाळिसाव्या झाडाशी माझ्याच लक्षात आलं की मागच्या सहा झाडांना मी कात्री बुडवलेलीच नाही. शिफारस आणि शेत यांच्यामध्ये काय असतं ते त्या दिवशी कळलं. माझ्या अहवालाचा तोच विषय झाला: सांगितलेलं लोक का करत नाहीत.

तेलुगूचं म्हणशील तर, कामगारांना मराठी येतंच की. तू त्यांच्याशी बोलत नाहीस म्हणून ते आपसात बोलतात.

---

पूर्वभाग · २८ मे, दुपारी १२.३०

ताई बरोबर बोलल्या. आमच्या घरी तेलुगू, रस्त्यावर मराठी, चौकात थोडं कन्नड पण. तुला तीन शब्द देतो. माग म्हणजे मग्गम. धागा म्हणजे दारम. आणि "अन्ना, चूपिंचंडी", म्हणजे दादा, दाखवा. चुकीचं बोल, हसतील. हसले की काम झालं. चहाच्या सुट्टीत विचार, पाळी बदलायच्या वेळी विचारू नको, तेव्हा सगळ्यांना घरची घाई असते.

---

जुळेसोलापूरकर · २८ मे, रात्री ९.४५

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आज मालकांना @टॉवेलवाला यांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, कुठं उभं राहायचं ते कुणी तरी दाखवा. ते दिवाणजींकडे बघून हसले आणि जॉबरला हाक मारली. उद्यापासून सकाळी ७ ला शेडमध्ये.

"चूपिंचंडी" म्हणालो. तिघं हसले. एकाने विचारलं, "जावई आहेस का बे कुणाचा?"

---

कडक भाकरी · २८ मे, रात्री ९.५०

बघ, लग्नाचंही जमायलंय. हिंजवडीत मिळतं का असं?

---

निवृत्त जॉबर · ४ जून, रात्री ८.३०

पोरा, काय चाललंय? सात दिवस झाले, पत्ता नाही.

---

जुळेसोलापूरकर · ५ जून, रात्री १०.२०

काका, आहे. घरी आलो की झोपतो. कानात अजून खडखड वाजतंय.

मास्तरांनी सांगितलं तसं मोजायला घेतलं. आठ माग. रोज सकाळी ८ ते ९ आणि दुपारी २ ते ३ मी एकाच जागी बसतो आणि कुठला माग कशाने थांबला ते लिहितो. धोट्यातली आडव्या धाग्याची कांडी संपली की थांबतो तो मोजत नाही, जॉबर म्हणाले ते धरलं तर वही दोन दिवसांत भरेल. चार दिवसांत १३० वेळा थांबले. ८३ वेळा उभा धागा तुटून, २९ वेळा आडवा तुटून, बाकी १८ किरकोळ. या ८३ मधले ३१ फक्त दोन मागांवर आणि तेही दुपारच्या तासात. ७ नंबर आणि ८ नंबर. दोन्ही शटरजवळ आहेत.

जॉबरना विचारलं तर म्हणाले, ते माग तसेच आहेत, शापित.

---

निवृत्त जॉबर · ६ जून, सकाळी ७.००

शाप नाही. हवा. सुती धागा कोरडा झाला की कडक होतो, ताण सोसत नाही, तुटतो. दुपारी दोनला सोलापूरची हवा कशी असते ते तुला सांगायला नको. शटर उघडं असणार, गरम वारा थेट त्या दोन बिमांवर. आम्ही दाराला गोणपाट ओलं करून टांगायचो आणि फरशीवर पाणी मारायचो. आता कुणी करत नाही, पोती मिळत नाहीत म्हणतात. मार्केट यार्डात मिळतात.

---

चष्मेवाले मास्तर · ६ जून, सकाळी ९.१०

उत्तम. पोती लाव आणि मोजणं चालू ठेव. तीच माणसं, तीच वेळ, तेच माग. मधे दुसरं काही बदलू देऊ नकोस.

---

हिंजवडीग्रस्त · ६ जून, सकाळी ११.४५

हे बायोडेटावर कसं लिहायचं ते मी सांगतो, आता मला इंटरेस्ट आलाय. "टॉवेल कारखान्यात इंटर्न" असं लिहू नकोस. "८ मागांवरील थांबण्यांची कारणनिहाय नोंद आणि विश्लेषण" असं लिही. आमच्याकडे हेच काम करणाऱ्याचं पद फार मोठ्या नावाचं असतं.

---

कडक भाकरी · ६ जून, दुपारी १२.०२

आणि पगार पण मोठा असतो का? त्याला अजून भाडं मिळालं नाही.

---

अवनी_७ · ६ जून, दुपारी १२.३०

हाच प्रश्न. मागितलंस का?

---

जुळेसोलापूरकर · २१ जून, रात्री ९.००

धागा वर काढतोय, थोडी गडबड झाली आहे.

आधी भाड्याचं. मागितलं. मालक म्हणाले, "एवढंच ना?" आणि दिवाणजींना रोज ५० लिहायला सांगितलं. मागच्या दिवसांचे दिले नाहीत. मी पण नाही मागितले.

आता मुख्य. ९ तारखेला पोती टांगली. स्वतःच्या हाताने चार पोती शिवली, आईने दाभण दिलं. १० आणि ११ ला दुपारच्या तासात ७ आणि ८ नंबरवर उभा धागा तुटणं निम्म्यावर आलं. मी जाम खूष. मालकांना वही दाखवली. त्यांनी पहिल्यांदा मला खुर्ची दिली.

आणि १२ ला पाऊस आला. हवाच बदलली. त्यानंतर आठही मागांवर तुटणं कमी झालंय. म्हणजे पोत्यांमुळे कमी झालं की पावसामुळे, मला सांगताच येत नाही. दोनच दिवसांचे आकडे कोरड्या हवेतले आहेत. जॉबर म्हणतात पोत्याने झालं. एक विणकर अण्णा म्हणतात मी शेजारी बसतो म्हणून सगळे नीट काम करतात. अहवालात काय लिहू? दोनच दिवसांचं लिहून पुढचं गाळू का? ते जास्त चांगलं दिसतं.

---

चष्मेवाले मास्तर · २१ जून, रात्री ९.३५

गाळलंस तर तोंडी परीक्षेला मी स्वतः येईन.

सगळं लिही. पाऊस आला ती तारीख लिही. तू शेजारी बसल्याने फरक पडतो का, ही शंका अण्णांच्या तोंडची म्हणून लिही, त्या शंकेवर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. दुकानातून साधा आर्द्रतामापक आण, घड्याळासारखा असतो, मागाशेजारी टांग आणि प्रत्येक नोंदीसोबत आकडा लिही. आधीच आणायला सांगायला हवं होतं, ती माझी चूक.

---

टॉवेलवाला · २१ जून, रात्री १०.१०

मास्तर, त्या यंत्राचं नाव मलाही पाठवा. माझ्या शेडला दोन शटर आहेत.

---

पूर्वभाग · २१ जून, रात्री १०.२५

अण्णा बरोबर बोलतात, पण. मालक शेडमध्ये आले की आमचे वडील धागा तुटूच द्यायचे नाहीत.

---

निवृत्त जॉबर · २२ जून, सकाळी ६.४०

पावसात एखादा कोरडा दिवस येतोच. त्या दिवशी ७ नंबरसमोरची पोती काढ, ८ ची राहू दे. दोन्ही माग एकाच शटरवर, हवा एकच. मग मोज. आणि शेजारी बसू नको, लांब बस, दिवाणजीच्या खिडकीतून दिसतं का बघ.

---

जुळेसोलापूरकर · २२ जून, रात्री ८.१५

दिसतं. झेरॉक्स मशीनच्या शेजारी उभं राहिलं तर दोन्ही माग नीट दिसतात. दिवाणजींनी जागा दिली, पण म्हणाले तिथं उभाच आहेस तर एवढ्या चार कॉप्या काढ.